सुट्या कार्डांवरच्या फुल्या

मुलीच्या नावाखाली मी दहा-बारा वर्षं स्वतःसाठीच कार्डं जमवली, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझा मेहुणा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीत येताना तो भाचीसाठी रंगीत कार्डांची पाकिटं आणायचा. कुठे पंख फुटलेला बैल, कुठे तीन डोळ्यांचं कासव. मुलगी दोन दिवस खेळायची आणि विसरायची. मग मी, भिवंडीतल्या एका माध्यमिक शाळेचा जबाबदार हेडक्लार्क, खोलीचं दार लोटून घ्यायचो आणि ती कार्डं एकेक करून अल्बमच्या खणात सरकवायचो. कोणी आलंच तर मांडीवर शाळेचं हजेरीपत्रक तयार असायचं.

मुलगी आता बंगलोरला नोकरी करते. यंदा दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"बाबा, ती कार्डं रद्दीत नाही ना घातलीत?"

"कुठली कार्डं?" मी म्हणालो. आवाजात मी भोळेपणा आणला होता. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी नाटक होतं, त्यात भोळ्या मामाची भूमिका माझ्याकडेच असते.

"नाटक नको. अल्बम तुमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, मला माहितीये."

मग तिने मला कार्डांचा बाजार समजावला. या बाजारात दोन घराणी आहेत. एक डबीबंद. परदेशातल्या कंपन्या कार्ड तपासतात, दहापैकी गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीत सील करून परत पाठवतात. म्हणजे गुणपत्रिकेसकट लॅमिनेशन. पंचवीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेल्या माणसाला ही व्यवस्था एकदम पटली. दुसरं घराणं सुट्या कार्डांचं, कुणीही न तपासलेल्या. पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या डबीबंद कार्डाची किंमत ऐकून मी खुर्चीतून उठलो, आणि उठून करायचं काय ते न कळल्यामुळे परत बसलो.

खरी गंमत पुढेच होती. डबीबंद कार्डं इतकी महागली की साधी माणसं तिकडे बघेनाशी झाली आणि सगळी सुट्या कार्डांकडे वळली. त्यामुळे सध्या भाव पळतोय तो सुट्यांचा. असं का, यावर मी बराच विचार केला. डबीबंद कार्डाचा निकाल लागलेला असतो. सुट्याचा लागायचा असतो, आणि निकाल लागेपर्यंत वर्गातली सगळी पोरं पहिलीच येणार असतात.

माझं हे निरूपण बायको भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. "आमच्या ग्रे कापडासारखंच की," ती म्हणाली. "रंगवलेलं महाग झालं, की येपारी लूमवरून उतरलेल्या कोऱ्या मालावर पडतात. ह्याला वाटतं आपलाच तागा बेस निघंल, त्याला वाटतं आपलाच."

"बाजार तुला लगेच कळतो."

"तीस वर्सं कापडाकडंच बघत व्हते. तुमच्याकडं बघाया येळ कुठं व्हता."

ती जवळच्याच राहनाळ गावची. लग्न होऊन शहरात आली तरी 'हाय-न्हाय' सोडलं नाही, आणि सोडावं असं मलाही कधी वाटलं नाही. तीस वर्षं ती एका यंत्रमागाच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात चेकिंगला होती. उतरत्या टेबलावरून तागा ओढायचा, तिरप्या उजेडात बघायचा, कुठे धागा तुटलाय, कुठे गाठ आलीय, कुठे तेलाचा डाग पडलाय ते हेरायचं आणि किनारीवर तिथेच खडूने फुली मारायची. पावसाळ्याच्या तोंडावर शेठने लूम भंगारात काढले आणि शेड गोदामाला भाड्याने दिली. ती वडप्याच्या एका गोदामात चौकशीला गेली. तिथल्या मुलाने वय विचारलं आणि "फोन करतो" म्हणाला. चार महिने फोन आला नाही. ती तक्रार करत नव्हती. पण रोज सकाळी साडेनऊला केस बांधून तयार व्हायची आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून खिडकीत बसायची. एकदा मला म्हणाली, "हात धड हायेत, डोळं धड हायेत, आन् कुणाला नकोत."  

म्हणून शाळेत जाताना मी अल्बम तिच्यापुढे ठेवला. "जरा नजर टाक. चांगली तीन-चार आपण तपासणीला परदेशी पाठवू, बाकीची सुटीच विकू." उद्देश एवढाच, की तिला विरंगुळा मिळावा.

संध्याकाळी आलो तर खिडकीशी इस्त्रीचं टेबल उतरतं लावलेलं, त्यावर कार्डांच्या दोन सरळ रांगा, आणि बाई अगदी प्रसन्न. मी वाकून पाहिलं. डावीकडच्या प्रत्येक कार्डाच्या पांढऱ्या किनारीवर पेन्सिलची बारीक फुली होती. पंखवाल्या बैलावर दोन होत्या.

गणपतीच्या नाटकात मी तीनदा मेलोय, पण इतका मनापासून कधीच कोसळलो नव्हतो. "अगं, हे काय केलंस?"

"चेकिंग. खडू जाड पडत व्हता म्हणून तुमची पेन्सिल घेतली."

"कार्डावर रेघ उमटली की ते बाद. तपासणीवाले दारात उभं करणार नाहीत. तागा आहे का हा?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कार्डांकडे. चूक लक्षात आली आणि तिचा चेहरा उतरला. तरी म्हणाली, "डाग दिसला आन् खूण केली न्हाय, तर घेणारा फसतो. माज्या हातून ते व्हत न्हाय."

मुलीने इंटरनेटवर विक्रीची जाहिरात आधीच टाकली होती, त्यामुळे रविवारी कल्याणहून दातांचा एक तरुण डॉक्टर सुटी कार्डं बघायला येणार होता. तो यायच्या अर्धा तास आधी मी शाळेतून आणलेला नवा खोडरबर घेऊन बैलाच्या सेवेत बसलो. पहिला हात फिरवणार तोच मागून आवाज आला.

"रबर खाली ठेवा."

"फक्त हलकंसं—"

"खाली ठेवा म्हणते ना. साळंत पोरांना काय सांगता?"

मी खोडरबर खिशात टाकला.

डॉक्टर आला, चहाला नको म्हणाला आणि भिंग काढून बसला. फुल्या दिसताच म्हणाला, "काका, ह्या कुणी केल्या?"

मी तोंड उघडायच्या आत बायको पुढे झाली. "म्या केल्या. माजीच चूक हाय. पण खूण हाय तिथं खोट हाय, येवडं खरं."

त्याने बैल उचलला. भिंगातून बघितलं, उलटसुलट केलं. "इथे मला काही दिसत नाही, काकू."

"सरळ धरलं तर कसं दिसंल? उजेडाला तिरपं धरा. आनखी. आता बघा, केसायेवडी घडी हाय का न्हाय?"

त्याने तसं धरलं आणि घडी दिसली. मग एकेक फुलीवालं कार्ड तिरपं धरून बघत गेला.  शेवटी त्याने बॅगेतून स्वतःचं एक डबीबंद कार्ड काढलं. नऊ गुणांचं. "ह्याचा एक गुण कशाला कापला, ते मला आजवर कळलं नाही."

तिने डबी हातात घेतली, खिडकीकडे वळली, मनगट हळूहळू कलतं केलं. "मागल्या अंगाला, खालचा कोपरा. दबलाय. नखायेवडा पन न्हाय."

डॉक्टर भिंग लावून पाहत राहिला. मग म्हणाला, "आता चहा चालेल, काका."

चहा पिताना त्याने आपलं दुखणं सांगितलं. तो सुटी कार्डं भरपूर घेतो, कारण तीच अजून परवडतात. पण फोटोत खोट दिसत नाही. तपासणीला पाठवावं तर प्रत्येक कार्डाची फी वेगळी, वाट बघणं वेगळं, आणि निम्म्यांना गुण इतके कमी पडतात की फीसुद्धा वाया. कुठली पाठवायची आणि कुठली सुटीच विकायची, एवढं कुणी आधी सांगितलं तर त्याचं काम होणार होतं. घरी अशी तीन-चारशे कार्डं पडून आहेत. ओळखीतल्या आणखी दोघांकडेही आहेत. "तुम्ही बघाल का, काकू? जो काय तुमचा दर असेल तो."

माझी कार्डं त्याने उजव्या रांगेतली चांगल्या भावाने घेतली, फुलीवाली थोड्या कमी भावाने. बैल सोडून. बैल मी दिला नाही. पण हे सगळं मी नंतर हिशेबात घेतलं. त्या क्षणी मी बायकोकडे बघत होतो. ती डॉक्टरला अटी सांगत होती. धा ते पाच काम. मधे अर्धा तास जेवण. उजेड गेला की बंद. घाई करायची न्हाय. आन् खूण कार्डावर न्हाय, येगळ्या चिठ्ठीवर.

"कार्डं पोस्टानं धाडू नका," ती शेवटी म्हणाली. "पोस्टातच कोपरं दबतात. सोता घेऊन या."

सोमवारी खोके आले. मी मदतनिसाच्या जागेसाठी तोंडी अर्ज केला. हाताला घाम येतो या कारणावरून तो फेटाळला गेला.

आठवडा झाल्यावर तिने एक फोन केला. फोल्डिंग खात्यात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी एक मैत्रीण होती, तीही पावसाळ्यापासून घरीच बसून होती. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना ती दारात उभी राहिली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चष्म्याची डबी. चपला काढता काढताच विचारलं, "टेबल कुठं हाय?"

मी शाळेत जायला निघालो होतो. जिन्यात होतो तोवर वरून भांडण ऐकू आलं.

"ही खोट न्हाय, छपाईच तशी हाय."

"छपाई कसली. डोळं पूस आधी."

"माजं डोळं पुसू नको, कार्ड तिरपं धर."

मला शाळेला उशीर झाला होता, तरी मी जिन्यातच थांबलो. निकाल ऐकल्याशिवाय पाय निघेना.