मुकादमबाईंची फळी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर बाजारातून बांगडे आणले. दाराशी आल्यावर मी खड्ड्यावर फळी टाकली. तिने रोलाटर, म्हणजे म्हातारी माणसं पुढे ढकलत चालतात ती चाकांची गाडी, फळीवर चढवला आणि थांबली. "अहो, डावीकडे सरकवा. जन्मात एक फळी सरळ टाकता आली नाही तुम्हाला." मी सरकवली. मग ती राणीसारखी पलीकडे गेली.

इथल्या मराठी मंडळात तिला सगळे मुकादमबाई म्हणायचे. मीही म्हणायचो, पण पाठीमागे. गणपतीत पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं झाडू घेऊन तिच्यापुढे उभी असायची. "हा कोपरा काय पुढच्या वर्षी झाडणार?" म्हणायची. मी बोटीवरचा माणूस, मग रॉटरडॅमला गोदीत वेल्डिंगला लागलो. ती माझ्यामागून आली. डच भाषेचं एक अक्षर येत नव्हतं, तरी आल्या आल्या शेजारणीला कपडे कसे पिळायचे ते शिकवलं. मराठीतून. शेजारीण शिकली.

दोन-तीन वर्षांपूर्वी इंटरनेटची तार टाकायला कुठल्याशा कंपनीची माणसं आली. आमच्या दारापुढच्या फरशा उचकटल्या, तार घातली, माती लोटली, फरशा परत ठेवल्या. बसवल्या असं मी म्हणणार नाही. ही कमरेवर हात ठेवून उभीच. त्यातला एकजण फरशांकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "टायडलक." ही खूश होऊन आत आली. टायड म्हणजे वेळ, एवढं तिला येत होतं. "वेळेवर करून देणार म्हणतोय. बघा, विचारलं की लोक सांगतात."

आमचा मुलगा संजू युट्रेख्टला राहतो. त्याला तिने फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला. "आई, टायडलक म्हणजे टेम्पररी."

"मग तात्पुरतं म्हणून सांगायला काय झालं होतं मेल्याला?"

तेव्हापासून जे संपत नाही ते सगळं टायडलक. माझा खोकला टायडलक, गळका नळ टायडलक. स्वतःचे गुडघेसुद्धा.

पावसाने माती बसली आणि दारात घमेल्याएवढा खड्डा झाला. रोलाटरची चाकं त्यात रुतायची. ती संजूला कंपनीला फोन करायला लावायची, तर कंपनी म्हणे, दुरुस्तीचे पैसे आम्ही गेमेंटेला, म्हणजे नगरपालिकेला, देऊन मोकळे झालो. आम्ही तिघे पालिकेत गेलो. खिडकीतला तरुण फार गोड बोलला. इथे सगळे गोडच बोलतात, त्याचाच ताप आहे. पैसे जमा आहेत म्हणाला. पण पुढे गटाराचं काम निघणार आहे, ते झालं की फरशा कायमच्या बसवू. आता बसवल्या तर परत उकराव्या लागतील आणि दोनदा खर्चाची तरतूद नाही.

"आई, बजेट नाही," संजू म्हणाला.

"नाही कसं? आहे म्हणतोय ना? घरात तांदूळ आहे पण तो सणाचा आहे, म्हणून आज उपाशी बसा. हे सांग त्याला." संजूला ते डचमध्ये सांगता येईना. तरुणाने दारापर्यंत येणाऱ्या टॅक्सीचा कागद पुढे केला. तिने तो परत सरकवला. "टॅक्सी नको. माझं दार मला पायाने ओलांडायचंय."

तेवढंच मागणं होतं तिचं. काही राजवाडा नव्हता मागितला.

एकदा मीच वाळू आणून फरशा उचकटायला बसलो. पालिकेचा माणूस सायकलवरून उतरला. हात लावू नका, कुणी पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येईल म्हणाला. ती पडली तर कुणावर, ते काही बोलला नाही. म्हणून मग फळी. जुन्या कपाटाची. मी म्हणायचो, अगं, फळी कशाला, तुला धरून पलीकडे नेतो. तर अंगावर यायची. "मला हात लावायचा नाही. मला उचलायचं ते एकदाच, आणि चौघांनी."

मी घरी नसलो की ती घरातच. फळी तिला उचलवत नव्हती. खिडकीतून खड्ड्याकडे बघत बसायची. तिचं शेवटचं वर्ष असं गेलं. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. गटाराचं काम अजून निघालेलं नाही.

बांगडे आणले त्याच संध्याकाळी ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. बांगडे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला दोन माणसं आली. काळे कोट, गोड बोलणं. इथे खांदा देत नाहीत, चाकांच्या गाडीवर ठेवतात आणि ढकलत नेतात. संजू दारामागची फळी काढायला वाकला.

"राहू दे," मी म्हणालो.

"बाबा, चाक अडकेल."

"अडकू दे."

अडकलं. ते दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मी मागच्या कोपऱ्याला हात घातला, संजूला समोरचा कोपरा दाखवला. ते दोन, आम्ही दोन. "उचला," मी मराठीतच म्हणालो, आणि त्यांना कळलं. खड्ड्यावरून तिला चौघांनी उचलून नेलं. मला नीट धरता येईना, संजू मधे येत होता.

मी त्याला म्हणालो, "डावीकडे सरक."