पंपघराच्या बाजूला जमलेले मासे

माझ्या मुलीला आयतं आलेलं यश पचत नाही, ही काळजी काही केल्या माझ्या मनातून जात नाही. घरातले सगळे झोपले तरी ही काळजी माझ्याबरोबर जागी आहे, म्हणून लिहायला बसले. उद्या दुपारपर्यंत मुलीला तळेवाल्यांच्या सोसायटीला सांगायचं आहे, की नव्या चाचणीच्या तळ्यावर राखणीला कोण असेल. तिला माझा धाकटा भाऊच हवा आहे, आणि तो तिचा फोन उचलत नाही.

मुलगी माशांचं खाद्य बनवते. सुरुवातीला नातेवाईक विचारायचे, मुलगी काय करते, तर मी "खाद्यपदार्थांच्या क्षेत्रात आहे" एवढं म्हणून विषय बदलायचे. तिचे बाबा मात्र सरळ सांगायचे, "माशांची खानावळ काढलीय. गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत, हा मोठा फायदा."

टायरच्या दुकानामागे तिने पत्र्याची शेड भाड्याने घेतली आहे. भाजीबाजार उठला की उरलेला पाला आणि नासकी फळं पिंपांतून तिथे येतात. जाळीच्या पिंजऱ्यात काळ्या माश्या अंडी घालतात, त्यांतून निघालेल्या अळ्या तो कचरा फस्त करतात. अळ्या चांगल्या लठ्ठ झाल्या की त्या वाळवायच्या, दळायच्या, पेंडीत आणि कोंड्यात मिसळायच्या, आणि यंत्रातून गोळ्या पाडायच्या. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी नाकाला रुमाल लावला होता. आता लावत नाही. वाळलेल्या गोळ्यांना भाजलेल्या दाण्यांसारखा वास येतो, हे मी शेजारणीला स्वतःहून सांगते.

प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडून हे कशाला, असं मी तिला विचारलं होतं.

"आई, तळ्यातल्या माशांना लोक काय घालतात माहितीये? समुद्रातल्या बारक्या माशांची भुकटी. तळी वाढली की समुद्रातून आणखी बारकी मासळी उपसायची. ह्या खिशातलं त्या खिशात घालायचं आणि वर म्हणायचं, मिळकत वाढली. तळी वाढवायची असतील तर आधी हे थांबायला हवं."

तिच्या खाद्याची चाचणी घ्यायला सोसायटीने एक तळं दिलं. त्या तळ्यावर राखणीला माझा भाऊ. पूर्वी तो ट्रक चालवायचा. पाठीने दगा दिला तेव्हा सोसायटीने त्याला तळ्यांवर ठेवून घेतलं. भाचीला तो लहानपणापासून फौजदार म्हणतो, कारण बोलायला लागल्यापासून ती सगळ्यांची चौकशीच करते.

तिने त्याला बजावलं होतं, "मामा, नवीन खाद्य पाहून मासे आधी तोंड फिरवतील. थोडे दिवस उपाशी राहतील, मरणार नाहीत. भूक लागली की खातील. तोवर तू मधे पडायचं नाही."

"मी कशाला मधे पडू? मला पोहता कुठे येतं," मामा म्हणाला.

मासे वाढले. जाळं टाकून वजनं केली तर जुन्या खाद्यावरच्या तळ्यांच्या तोडीस तोड, उलट थोडी सरसच. सोसायटीचे चेअरमन खूश झाले. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि माणूस सहसा खूश होत नाही. पुढच्या हंगामात सगळ्या तळ्यांत हेच खाद्य घालू, असं त्यांनी गल्ल्यावरूनच सांगून टाकलं.

मग एका संध्याकाळी ही पाण्याचा नमुना घ्यायला तळ्यावर गेली. खाद्य नेहमी रस्त्याच्या बाजूच्या फळीवरून टाकतात. ही त्या दिवशी पलीकडे, पंपघराच्या बाजूने उतरली. काठावर पाय ठेवला मात्र, तिच्यासमोरचं पाणी खदखदू लागलं. तळ्यातले झाडून सगळे मासे तिथे गोळा झाले आणि तोंडं उघडून उभे राहिले.

"मामा, हे इकडे का आले?"

"हवा खायला."

"मामा."

"अगं, फिरत असतात असेच. त्यांना काय कामधंदा आहे?"

"जिथे कधी काही मिळालं नाही, तिथे मासे वाट बघत नाहीत. पावलं ओळखून आलेत ते. कोणाची पावलं?"

मामाने पंपाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मूठभरच घालायचो गं. जुन्या खाद्याच्या पोत्यातलं. वर येऊन बघायचे ना माझ्याकडे."

"उपाशी होते तेव्हाच की नंतरही?"

"सवय लागली होती."

"कोणाला? त्यांना का तुला?"

"फौजदार, पुरे."

"आणि मूठभरच?"

"आता माझी मूठच मोठी आहे, त्याला मी काय करू?"

मला ऐकून नवल वाटलं नाही. ही लहानपणी जेवायला नखरे करायची, म्हणून मी ताट उचललं की मागच्या दाराने हिला बिस्किटं पोचवणारा हाच.

तिने त्याला तिथेच सांगितलं, की हे सोसायटीला सांगावं लागेल. तो म्हणाला, सांग की. ती खरंच सांगेल असं बहुधा त्याला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं. बैठकीला मी मुद्दाम गेले होते, मुलीचं कौतुक कानांनी ऐकावं म्हणून.

ती उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. चेअरमन म्हणाले, "मासे वाढले ना? मग ते कोणाच्या नावावर मांडायचे, ह्याची उठाठेव तू कशाला करतेस?"

"माझ्या खाद्यावर वाढले की मामाच्या मुठीवर, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. सगळ्या तळ्यांत घातलं आणि वाढले नाहीत, तर तुम्ही मला शोधत याल. आणि मी सापडेन, टायरच्या दुकानामागेच."

मागून कोणीतरी म्हणालं, "भाचीने मामालाच मुद्देमालासकट धरला." सगळे हसले. मामा उठून बाहेर गेला.

चेअरमननी पुन्हा एक तळं द्यायचं कबूल केलं, पण राखणदार दुसरा. तर ही म्हणते, तोच हवा.

"का? नात्यातला म्हणून?"

"तुमच्या प्रत्येक तळ्यावर एक मामा असणारच. मासे वर येऊन तोंड उघडणार आणि कोणाचं तरी मन पाघळणार. माझं खाद्य अशा माणसाच्या हातूनच चाललं पाहिजे, नाहीतर ते शेडमध्येच बरं. चूक माझ्या पद्धतीत होती. ह्या वेळी उपास नाही. जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यायचं. कधी वाढवायचं ते मासे बघून मामाने सांगायचं. फक्त चोरून काही नाही."

"मग उद्या दुपारपर्यंत त्याचा होकार आण," चेअरमन म्हणाले. "नाहीतर तळं दुसऱ्याला जाईल. तळं मागणारे बाकीचे थांबलेत."

त्यानंतर मामाने तिचा एकच फोन घेतला. "दुसरा बघ. माझा हात सैल आहे," एवढं बोलून ठेवला. ती तळ्यावर गेली तर हा पंपघरात शिरला आणि ऐकूच येऊ नये म्हणून पंप सुरू करून बसला.

आज जेवताना मी तिला बोलले. पदरात पडत होतं ते घ्यायचं होतंस, म्हटलं. तिने शांतपणे दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. "आई, ते पदरात पडलेलं माझं नव्हतं. माझं अजून यायचंय, आणि ते येणार आहे." आता ती गाढ झोपली आहे.

तिचं येणार आहे, ह्याबद्दल खरं तर मलाही शंका नाही. शेडमध्ये तिने एका टाकीत मासे पाळलेत, ते तिच्या गोळ्यांवर कसे तुटून पडतात ते मी पाहिलं आहे, आणि तिथे कोणी जुनं पोतं ठेवलेलं नाही. जे अडलंय ते माझ्या भावापाशी. सगळे समजतात तो रुसलाय. मी त्याला ओळखते. तो रुसला की आरडाओरडा करतो. हा गप्प आहे, म्हणजे लाजलाय. भाचीचं काम आपण बुडवलं, असं त्याने मनाशी घेतलंय. ती त्याच्यावर रागावलेली नाही, उलट त्याच्याचसाठी तिने खाद्य घालायची पद्धत बदलली, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. बैठकीतलं ते बोलणं झालं तेव्हा तो बाहेर होता.

मुलीने मला निक्षून सांगितलंय, की तू मामाशी बोलू नकोस, मी बघते. पण तिचा मामा होण्याच्या कितीतरी आधीपासून तो माझा भाऊ आहे. उजाडायच्या आत तो तळ्यांचा फेरा मारायला उठतो. तेव्हा मी त्याला फोन करणार आहे. माझा फोन न उचलण्याची छाती त्याला अजून झालेली नाही.