मास्तरांचा भाता

पेटीमास्तर एसटीत चढले की खिडकीची जागा पेटीला मिळायची. गर्दी झाली तर ते स्वतःची जागा एखाद्या म्हातारीला देत, पेटी मात्र हलत नसे. कंडक्टर कुरकुरला तर म्हणत, "मला पायरीवर हुभं कर, पन तिला धक्का लागू देऊ नको." बिलोलीहून लातूरला माझ्या स्टुडिओत ते पहिल्यांदा आले तेही असेच. स्वतः घामाघूम, आणि पेटी चादरीत गुंडाळलेली, अगदी आरामात.

मास्तर जन्मभर शाळेत शिपाई होते; मास्तर ही पदवी त्यांना पेटीने दिली होती. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती आणि गायची त्यांची लेक, मित्रा. जयंतीच्या दिवसांत दोघांना जेवायची फुरसत नसे. पण आता मास्तरांचा डावा खांदा निकामी होत चालला होता, आणि भाता मारतो तो डावा हातच. डॉक्टरांनी पेटी बंद करायला सांगितली. मित्रा दुसऱ्या कुणाच्या साथीवर गायला तयार नव्हती. "दादा न्हाईत तर गाणं न्हाई," म्हणून बसली होती; बापाला ती दादाच म्हणायची. मास्तरांना त्याचाच घोर लागला होता.

"माझा खांदा गेला तर जाऊ दे, इंजिनियर," ते मला म्हणाले. "तिचं गाणं जायला न्हाई पायजे." कॉम्प्युटरसमोर बसणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी इंजिनियर होता. मी बारावी दोनदा नापास आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मी त्यांना काम समजावलं. पेटीचा एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा, सॅम्पलर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा आणि कीबोर्डच्या ज्या त्या पट्टीला नेमून द्यायचा. मग कुणीही पट्टी दाबली की तुमचीच पेटी वाजेल. मास्तरांनी पेटीच्या पट्ट्या बोटाने मोजल्या. "म्हंजे हजेरीपटच की," म्हणाले. "पन एक बी सूर गैरहजर चालनार न्हाई."

मी मुलखाचा आळशी. दोन-दोन पट्ट्या सोडून एकेक सूर घेतला आणि मधल्या पट्ट्यांवर तोच खालीवर ताणून बसवला. सॉफ्टवेअर तेवढं करतं आणि गिऱ्हाइकाला कळत नाही. मास्तरांना दुसऱ्याच पट्टीला कळलं. "ही शेजारनीची साडी नेसून आली," म्हणाले. रागावले नाहीत. पेटी पुन्हा पुढे ओढली आणि प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवून दिली. बाहेर शिकवणीचे वर्ग सुटले की गाड्यांचा गोंगाट व्हायचा. तेवढा वेळ खांदा चोळत बसायचे. असे दोन दिवस गेले.

मग मी माझी हुशारी चालवली. भात्याची फुसफुस, बिजागरीची करकर, सगळं कापून टाकलं. सूर धुतल्या तांदळासारखे स्वच्छ झाले. तिसऱ्या दिवशी मित्रा आली. मी कीबोर्डवर बसलो. पहिली ओळ छान गेली, दुसरीत तिचा दम तुटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. वीस वर्षं गाणाऱ्या बाईला ओळभर दम पुरेना. माझा कीबोर्ड चांगला वाजत असल्यामुळे चूक तिचीच असणार, असं मी धरून चाललो होतो.

"ताई, घसा बसलाय का?" मी विचारलं.

"घसा बरा हाय," ती म्हणाली. "सूर बी दादांचाच हाय. पन दादा भाता वढायचे तवा मी श्वास घ्यायचे. आता कवा घ्यावा तेच कळंना."

इतकी वर्षं शेजारी बसून वाजवलं, पण मास्तरांनाही हे माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "इंजिनियर, पाखडताना कोंड्यासंगं दानं बी फेकलं तू."

मला खरंच लाज वाटली. मास्तरांनी एकही पट्टी न दाबता नुसता भाता मारला आणि मी तो करकरीसकट रेकॉर्ड केला. कीबोर्डच्या डाव्या टोकाला, जिथं पेटीचा सूर पोचतच नाही, तिथल्या एका पट्टीवर तो बसवला. मित्रा त्यावर तासभर गायली. मास्तर भिंतीला टेकून ऐकत होते आणि त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप हलत होता.

एक जयंती त्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकली. हिवाळ्यात गेले. बिलोलीला त्यांना श्रद्धांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मित्रा गाणार होती आणि कीबोर्डवर मी होतो. चादरीत गुंडाळलेली पेटी फोटोजवळ ठेवली होती. पहिली ओळ झाली आणि दुसरीच्या तोंडाशी मित्राचा आवाज अडला. ती फोटोकडे बघत राहिली. मांडवातली माणसं खाली बघू लागली. धीराचे चार शब्द मला अशा वेळी कधीच सुचत नाहीत.

मी डाव्या टोकाची पट्टी दाबली. मांडवात मास्तरांचा भाता ओढला गेला, बिजागरीच्या करकरीसकट. मित्राने श्वास घेतला आणि दुसरी ओळ उचलली.