डोकं खाली घातलेलं हरीण

आमच्या मामाजींना हरणांची जितकी काळजी आहे, तितकी खुद्द हरणांनाही नसावी. मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. नागभीडजवळच्या एका खेड्यात ते कासं ओतायचे आणि निमित्त काहीही असो, ओतायचे फक्त हरणंच. बैलाच्या गळ्यातली घंटी मागायला गेलेला माणूस चितळाचं पाडस घेऊन परत यायचा. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाचं हरीण, वरून पुन्हा माती; भट्टीत मेण वाहून गेलं की त्या पोकळीत वितळलेलं कासं. हे कासं यायचं नातेवाइकांच्या स्वयंपाकघरातून. त्यामुळे मामाजी दारात दिसले की आई आधी आपलं काशाचं ताट तांदळाच्या कोठीत लपवायची आणि मग म्हणायची, "ये ना भाऊ, बस." जेवण पळसाच्या पानावर. तरी माहेरहून आलेल्या तिच्या तीन ताटांतली दोन त्यांनी नेलीच. "एक ताट गेलं त काय झालं, बाई? एका जीवाले पाय येतील!"

हरणाच्या बाबतीत चूक झालेली त्यांना मुळीच खपत नाही. वडशाकडे एकदा आम्ही नाटक पाहायला गेलो होतो. नायिका रडत होती, बायका पदराला डोळे पुसत होत्या आणि मामाजी एकदम उभे राहून पडद्यावरच्या रंगवलेल्या जंगलाकडे बोट दाखवून ओरडले, "अरे, त्या मादीले शिंगं काऊन देल्ली?" नायिकेनंही रडणं थांबवून मागे वळून पाहिलं.

असे मामाजी, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना तालुक्याच्या नव्या बगीच्यासाठी हरीण करायला सांगितलं गेलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून त्या कामाचा अर्ज मी लिहिला आणि बगीच्याच्या साहेबांशी बोलायलाही मलाच नेलं. पावसाळाभर खपून केलेली ती शेळीएवढी चितळी आम्ही बैलगाडीतून उतरवली आणि फुलांच्या वाफ्याजवळ ठेवली. मान खाली, तोंड गवतात. साहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"उदास वाटतं हो. डोकं वर पाहिजे. ऐटीत!"

"साहेब, हरनानं डोकं वर केलं म्हनजे त्याले वाघाचा वास आला. तुमच्या बगीच्यात वाघ सोडला काय?"

"डोकं वर करून आणा, नाहीतर परत न्या."

परत नेणं म्हणजे पुन्हा भट्टीत घालणं, हे मला ठाऊक होतं. मामाजींनी मला कोपरानं ढोसलं, "बोल ना, तू त कॉलेजात हायस." मी वाटेत चांगली तीन वाक्यं जुळवली होती. तोंडातून "सर, ते..." एवढंच आलं. मामाजी चितळी परत चढवायला गाडीचा दोर सोडायला लागले.

इतक्यात मागच्या विहिरीवरून माळी आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाफ्यात तोंड घातलेलं जनावर पाहून तो "हाऽड! हुर्रर्र!" करत धावला आणि त्यानं दगड भिरकावला. टण्ण! जनावर हलेना, तेव्हा त्यानं दुसरा उचलला. "मेलीले लाज नाई! सारी शेवंती खाल्ली!"

साहेब पोट धरून हसले. "राहू द्या," ते म्हणाले, "इथेच राहू द्या."

"पास झाली!" मामाजींनी मला मिठी मारली. चितळीच्या मांडीवर दगडाचा पोचा पडला होता. तो काढू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. ते सर्टिफिकेट हाय तिचं."

आता मामाजींचे हात कापतात. मेणावर कान काढायला गेलं की कान वाकडा होतो, म्हणून त्यांनी भट्टी विझवली आहे. गेल्या सुट्टीत ते आले, तेव्हा आईनं कोठीतून ताट काढलं आणि त्यातच त्यांना वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी ताट स्वतः घासलं, पालथं करून नखानं वाजवलं आणि नाद संपेपर्यंत कान लावून बसले.

"ने ना भाऊ," आई म्हणाली.

"नको, बाई. तुयं हाय ते."

त्यांनी ताट चुलीजवळ ठेवलं. ते पुन्हा कोठीत गेलेलं नाही. आई ते रोज घासते आणि दारातून आत येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल, असं उभं करून ठेवते.