प्लेऑफचं दुसरं तिकीट

आमची मुलगी संध्याकाळी कामावरून परतताना गाडीतून फोन करते. रोज, न चुकता. फक्त तो फोन आमच्या घरी येत नाही, समोरच्या घरी येतो.

समोर माझा मित्र राहतो. मूळचा नागपूरचा, म्हणून मी त्याला नागपूरकर म्हणतो; मुलगी काका म्हणते. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी या उपनगरात, आम्ही एकाच हिवाळ्यात आलो, एकमेकांच्या गाड्या बर्फातून ढकलल्या आणि पुढे समोरासमोर घरं घेतली. त्याला आणि वहिनींना मूलबाळ नाही. माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते सगळं जळून लिहिणार आहे.

त्या दोघांचं बोलणं चालतं बेसबॉलवर. आमच्या शहराची टीम, तिचा मॅनेजर, कुणाला ठेवायचं, कुणाला विकायचं, यंदा प्लेऑफला पोचणार की नाही. उन्हाळ्यात नागपूरकराच्या गॅरेजचं दार उघडं असतं आणि फोन स्पीकरवर असतो. मी रस्त्याच्या या बाजूला लॉनला पाणी घालत उभा असतो. "काका, दे हॅव टू ट्रेड हिम!" असं ती ओरडते, आणि नागपूरकर "अगं, पण बदल्यात मिळणार कोण?" म्हणून खो खो हसतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या लॉनला गरजेपेक्षा बरंच जास्त पाणी मिळालं.

मला फोन येतो रविवारी सकाळी. "हाय बाबा, हाऊ आर यू? ऑल गुड?" मी म्हणतो, ऑल गुड. मग ती म्हणते, "आईला दे ना."

नुसतं बेसबॉल असतं तरी मी सोसलं असतं. पण दोन डावांच्या मध्ये ती त्याला बाकीचंही सांगते. तिनं अपार्टमेंट बदललं, ते मला त्याच्याकडून कळलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. एक पेशंट तिच्यावर ओरडला आणि ती गाडीत बसून रडली, तेही मला त्यानंच सांगितलं, तळ्याकाठी चालताना. "तुला माहीत नव्हतं?" असं विचारून तो ओशाळला. त्याच्या ओशाळण्यानं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

याची सुरुवात शाळेतल्या सॉफ्टबॉलपासून झाली. प्रत्येक प्रॅक्टिसला तिला मी नेलं. मीच, दुसऱ्या कुणी नाही. ती खेळायची तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत बसून भारतातल्या टीमबरोबरचे कॉल उरकायचो. नागपूरकर संध्याकाळी पाय मोकळे करायला निघायचा, मैदान त्याच्या वाटेवर होतं, आणि तो जाऊन लोखंडी बाकांवर बसायचा. शेंगदाणे खायचा आणि बघायचा. एवढंच केलं त्यानं. गाडी मी चालवली आणि खेळ ती त्याच्याबरोबर शिकली, यात न्याय कुठे आहे ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

त्या वर्षांत आमची टीम फार वाईट हरायची. तेव्हा त्यानं तिला शब्द दिला होता, की टीम प्लेऑफला जाईल आणि मॅच इथे होईल तेव्हा आपण दोघांनी स्टेडियममध्ये बसून बघायची. लहान मुलांना आपण देतो तसलाच तो शब्द. पण गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी टीम अचानक जिंकायला लागली. मुलीनं घरी येऊन सांगितलं की तिनं प्लेऑफची दोन तिकिटं आगाऊ घेऊन ठेवली आहेत. टीम पोचलीच नाही तर ती आपोआप रद्द होतील.

"दोन?" मी विचारलं.

"वन फॉर मी," ती म्हणाली, आणि फ्रिज उघडून आमटी शोधायला लागली. दुसरं कुणाचं, हे सांगायची तिला गरज वाटली नाही.

ते तिकीट मला हवं होतं. बायको म्हणाली, "मग तोंडानं माग ना तिच्याकडे." पण मागून घेतलं तर त्यात काय राहिलं? तिला आपण होऊन वाटायला हवं होतं की बाबाला न्यावं. म्हणून मी गुपचूप अभ्यासाला लागलो. बेसमेंटमधल्या ट्रेडमिलवर चालता चालता फोनवर व्हिडिओ बघायचे. कर्व्हबॉल कसा वळतो, बुलपेन म्हणजे राखीव पिचरांची फौज कशी वापरतात, डावखुऱ्या बॅटरसमोर डावखुरा पिचर का आणतात. मी आयुष्यभर क्रिकेटचा माणूस, कॉलेजच्या टीममध्ये ऑफस्पिन टाकलेला. चेंडू टाकण्यातलं मला कळतं अशी माझी समजूत होती. बायकोला संशय आला, कारण मी ट्रेडमिलवर स्वखुशीनं चढतोय असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

सप्टेंबरात गणपती बसले. विसर्जनाच्या रविवारी दुपारी दरवर्षी आमच्याकडे मंडळी जमतात. बेसमेंटमध्ये टीव्ही चालू असतो, आणि आमच्या घरात एक रीत पडून गेली आहे: आरती इनिंग संपल्याशिवाय सुरू होत नाही. ती रीतही नागपूरकरानंच पाडली. वरून बायको ओरडते, "झाली का रे?" आणि खालून सगळे ओरडतात, "एक आउट राहिलाय!" तोवर निरांजन ताटात वाट बघतं.

त्या दिवशीही तसंच झालं. इनिंग संपली, सगळे धावत वर आले, टाळ वाजले. आरती म्हणताना मी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली की आमची टीम हरू दे. बाप्पापुढे उभं राहून मी दुसरं काहीही मागितलं नाही. टीम हरली की तिकिटं रद्द, म्हणजे मला नाही तर त्यालाही नाही.

आरतीनंतर प्रसादाच्या द्रोणांसकट सगळे पुन्हा खाली. प्लेऑफसाठी खेळाडूंची यादी नव्यानं ठरते, त्यावर वाद पेटला होता. आमचा फर्स्ट बेस, म्हणजे धावून गाठायचा पहिला टप्पा, सांभाळणारा जुना खेळाडू कित्येक वर्षं टीममध्ये होता आणि आता गुडघ्यानं लंगडत होता. खालच्या लीगमधून एक नवा पोरगा आला होता, तो सुसाट पळायचा.

"जुन्याला बसवा आता," नागपूरकर म्हणाला. "सन्मानानं बसवा, पण बसवा."

"ही इज डन, काका. आय सी नीज लाइक दॅट एव्हरी डे," मुलगी म्हणाली. "दोन पायऱ्या चढायचे वांधे असतात."

युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी एक पुण्याची मुलगी आमच्याकडे सणावाराला येते. ती म्हणाली, "पण यार, प्रेशरमध्ये एक्सपीरियन्स लागतोच ना."

"अगदी बरोबर!" मी जरा जोरातच म्हणालो. "त्यानं इतकी वर्षं दिली. आता पळवत नाही म्हणून लगेच काढायचं? ही काय पद्धत झाली?"

मुलीनं माझ्याकडे वळून पाहिलं. बेसबॉलबद्दल मी काही बोललो आणि तिनं वळून पाहिलं, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. "बाबा, तू हे फॉलो करतोस?"

"थोडंफार," मी म्हणालो. आत माझी छाती एवढी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची. इथेच थांबायला हवं होतं.

तेवढ्यात टीव्हीवर मॅनेजर मैदानात आला आणि त्यानं आमच्या पिचरच्या हातून चेंडू काढून घेतला. तो पिचर दुपारभर झकास टाकत होता. खोलीत दोन तट पडले. नागपूरकर म्हणाला, काढायला नको होतं. मुलगी म्हणाली, काढायलाच हवं होतं, हात दमलाय त्याचा. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत होते, मजेत भांडत होते, आणि मला दिसलं की दोघांच्या मध्ये शिरायला हीच जागा आहे.

"दोघांचंही बरोबर आहे," मी म्हणालो. "आत्ता त्याला काढलं ते उत्तम केलं. विश्रांती मिळेल. शेवटच्या इनिंगला परत आणायचा, दुसऱ्या स्पेलला. ताजातवाना."

आधी पीएचडीवाली फिस्सकन हसली, आणि मग सगळेच. ज्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही असं मी धरून चाललो होतो, तेसुद्धा हसले.

"बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली, "बेसबॉलमध्ये वन्स यू आर आउट ऑफ द गेम, यू आर आउट. परत येता येत नाही. एव्हरीबडी नोज दॅट!"

कर्व्हबॉलवर मी तासन्‌तास व्हिडिओ पाहिले होते. हे कुणीच सांगितलं नव्हतं, कारण हे सगळ्यांना माहीत असतं.

हसला नाही तो एकटा नागपूरकर. "अबे, क्रिकेटच्या हिशेबानं तर याचं एकदम करेक्ट आहे," तो म्हणाला. "असा नियम असता तर आपण मागची मॅच जिंकलो असतो, नाही का गं?" आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याला सगळं कळलं होतं, ट्रेडमिलसकट. इतर सगळे हसले त्याचं मला एवढं लागलं नाही, जेवढं तो हसला नाही याचं लागलं.

घरामागच्या लाकडी डेकवर बादलीत विसर्जन झालं. बाप्पानं माझं काही ऐकलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत टीम जिंकत गेली आणि प्लेऑफला पोचली. पहिली मॅच इथेच, दुपारची.

मॅचच्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला, आणि चक्क मला आला. "बाबा, काकांना सर्दी झालीय. ते येत नाहीयेत. डू यू वॉन्ट टू कम?"

मी खिडकीपाशी उभा होतो. समोर नागपूरकर अंगणातली पानं गोळा करत होता, दमदार हात मारत होता. सर्दीचा माणूस ऑक्टोबरच्या थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत नाही. गुडघ्याचं कारण आमच्या मुलीपुढे टिकलं नसतं, म्हणून त्यानं सर्दी निवडली होती. माझं लक्ष आहे हे त्याला दिसलं. त्यानं दाताळं उचलून मला हात केला आणि पुन्हा पानांकडे वळला.

नको म्हणायला हवं होतं. माझ्याच मुलीच्या शेजारची खुर्ची मी त्याच्या हातून घ्यायची? "येतो," मी म्हणालो. "किती वाजता निघायचं?"

स्टेडियम खचाखच भरलं होतं. मुलीनं मला टीमची टोपी घेऊन दिली, पॉपकॉर्न आणलं, आणि माझ्याशेजारी बसून तिनं सगळी मॅच काकांबरोबर बघितली. प्रत्येक चेंडूनंतर तिचा अंगठा फोनवर चालायचा. "काका, डिड यू सी दॅट??" लगेच उत्तर यायचं, ती हसायची. मी विचारायचो, काय म्हणतोय? ती सांगायची, पण मराठीत सांगेपर्यंत पुढचा चेंडू पडलेला असायचा, आणि त्यात हसण्यासारखं काही उरलेलं नसायचं. मी पॉपकॉर्न खात राहिलो.

आठव्या इनिंगला तो जुना खेळाडू बॅटिंगला आला. त्याला यादीत ठेवलं होतं, माझं ऐकून नव्हे, पण ठेवलं होतं. त्यानं चेंडू सणसणीत मारला आणि लंगडत लंगडत फर्स्ट बेस गाठला. मी उभा राहून बोंबललो. मुलगीही उभी राहिली. मग आमच्या बाजूनं तो नवा पोरगा पळत मैदानात गेला. त्याच्या जागी आता तो पळणार होता. जुन्यानं हेल्मेट काढलं, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि चालत परत निघाला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं.

"ही कान्ट कम बॅक नाउ, बाबा," मुलगी म्हणाली. मला कळलं नसेल असं तिला वाटलं.

"माहीत आहे गं मला."

त्याच वेळी समोरच्या टीमनं पिचर बदलायला घेतला. मुलगी दचकली. "ओ नो, टीव्हीवर ॲड्स लागल्या असतील! काकांना दिसणार नाही!" तिनं घाईघाईत व्हिडिओ कॉल लावला. पुढची माणसं उंच होती, तिचा हात पुरेना. तिनं फोन माझ्या हातात दिला. "बाबा, तू उंच आहेस. वर धर ना, प्लीज. हे त्यांना दिसायलाच हवं."

मी फोन डोक्यावर धरला. मला स्वतःला त्या फोनमागचं काहीच दिसत नव्हतं. फोनमधून नागपूरकराचा आवाज आला, सर्दीचा मागमूस नसलेला. "अबे, थोडा डावीकडे घे. जरासा. हां."

मी डावीकडे घेतला.