खिळेकाकांची शिफारस

खिळेकाका सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतात. ओठांत बारीक खिळे धरायचे, एकेक जिभेने पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. या पद्धतीचा एक फायदा त्यांना तरुणपणीच कळला होता. तोंडात खिळे असले की कुणी बोलायचा आग्रह करत नाही. गिऱ्हाईक भावावर आलं की काका आणखी चार खिळे तोंडात टाकतात. पुढचं सून बघते. ती दुकानाच्या दाराशी मशीनवर खोळी शिवते, आणि बोलायचं खातंही तिच्याचकडे आहे.

"लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि यांच्या तोंडात खिळे गंजतात," असं काकू म्हणतात.

अशा माणसाला एक नाद होता. पूर्वी टीव्हीवर एका फेरीबोटीची मालिका लागायची. तापट कप्तान आणि त्याच्याशी अबोला धरलेल्या तिकीटवाल्या मावशी. मालिका मध्येच बंद पडली. बोट धुक्यात शिरली ती शिरलीच. पण चाहते कसले ऐकतात! ते त्याच पात्रांच्या गोष्टी स्वतःच लिहू लागले. सुनेने त्या फोनवर शोधून दिल्या आणि चाहत्यांच्या गटात 'खिळेकाका' म्हणून काकांचं नावही घातलं. तेव्हापासून दुपारी नव्या भरलेल्या सोफ्यावर बसून काका वाचत. कुणी आलंच तर म्हणत, "स्प्रिंगा तपासतोय."

लिहिणारे पुष्कळ होते. कुणी बोट बुडवी, कुणी तिच्यावर चाचे सोडी. काकांचा जीव मात्र 'ओली काडी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंवर जडला. म्हणजे, त्यांच्या गोष्टींवर. त्यांच्या गोष्टींत फारसं काही घडत नसे. बोटीला सुट्टी असते, मावशी तिकिटाची पेटी पुसत बसतात, कप्तान उगाचच दोनदा डोकावून जातो. संपलं. पण वाचून झाल्यावर काकांना बराच वेळ हातोडी उचलावीशी वाटत नसे.

एके दिवशी बाईंनी गटात लिहिलं, "माझी मोठी गोष्ट शेवटच्या भागाआधीच थांबवते. कुणी वाचत असेल असं वाटत नाही."

काकांचं धाबं दणाणलं. मावशींचा अबोला आता कुठे सुटायच्या बेतात होता!

"बाबा, आवडतं म्हणून त्यांना कधी कळवलंत का?" सुनेने विचारलं.

"कळवायचं काय त्यात? वाचतो की मी."

"ते त्यांना स्वप्नात दिसणार आहे?"

गटाची एक रीत होती. दर रविवारी एकाने आपल्या आवडत्या लेखकाची शिफारस करायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टी वाचायच्या. सुनेने परस्पर काकांचं नाव देऊन टाकलं.

"माझ्याच्याने व्हायचं नाही," काका म्हणाले.

"राहू दे मग. मावशीही राहतील गप्प. जन्मभर."

घाव वर्मी बसला. काकांनी फोन घेतला आणि लिहिलं, 'गोष्टी उत्तम व टिकाऊ आहेत.'

काकूंनी डोकावून पाहिलं. "अहो, ही शिफारस आहे की दुकानाची पाटी? खुर्ची चांगली भरलीय हे गिऱ्हाइकाला कसं सांगता?"

"सांगत नाही. बसा म्हणतो."

"मग यांनाही बसवा की!"

काकांनी तोंडाकडे नेलेले खिळे परत वाटीत ठेवले आणि पुन्हा लिहायला घेतलं.

"आधी सुट्टीच्या बोटीची गोष्ट वाचा. घाईत असाल तर वाचू नका. तिच्यात कप्तान मावशींच्या खिडकीसमोरून जाताना टोपी काढतो. मालिकेत त्याने ती कुणापुढेही काढलेली नाही. का काढली, ते बाई सांगत नाहीत. मग मोठी गोष्ट वाचा. कप्तान मावशींची फाटकी खुर्ची गुपचूप नवी करून देतो, मावशी बसून बघतात आणि म्हणतात, 'बरी झालीय.' तिथे मी रडलो."

गटात एकच गलका झाला. गोष्टीत पुढे काय होतं ते फोडायचं नाही हा तिथला कडक नियम, आणि फोडणाऱ्याने महिनाभर गटात गप्प बसायचं ही शिक्षा.

"यांना कसली शिक्षा? बक्षीसच मिळालं," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी गटातल्या बेकरीवाल्याने लिहिलं, "सगळी गोष्ट वाचली. फाटकी खुर्ची आहे, पण ती नवी होत नाही." एका नर्सबाईंनीही तेच लिहिलं. मग आणखी कुणीकुणी. काकांचा तो प्रसंग शोधायला सगळ्यांनी गोष्ट पहिल्यापासून वाचून काढली होती. प्रसंग मिळाला नाही, पण गोष्ट सोडवेना. पुढचा भाग कुठे आहे, म्हणून जो तो विचारू लागला.

"बाबा, कुठे वाचलंत तुम्ही हे?"

काका कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. रोज खुर्च्या भरता भरता त्यांनी मनातल्या मनात त्या गोष्टीचा शेवट इतक्यांदा केला होता, की बाईंचं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं याचा पत्ताच राहिला नव्हता.

"तुम्हीच लिहिलात की शेवट!" सून पोट धरून हसायला लागली.

काकांना हसू येईना. बाई दुखावल्या असतील, आता कायमच्याच जातील, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी बाईंचं उत्तर आलं. सुनेने मोठ्याने वाचलं.

"माझ्या कप्तानाला शर्टाचं बटण लावता येत नाही, तो खुर्ची काय भरणार! हा शेवट मी चालू देणार नाही. माझा मीच लिहिते. आणि खिळेकाका, टोपीचं कुणाच्या लक्षात येईल असं मला वाटलं नव्हतं."

शेवटचा भाग रविवारी आला. काकांनी तो गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसून वाचला. त्यात कप्तान आपली चांगली खुर्ची मावशींच्या खिडकीत नेऊन ठेवतो आणि स्वतः त्यांची फाटकी घेऊन सुकाणूशी बसतो. मावशी म्हणतात, "स्प्रिंग टोचेल हो तुम्हाला."

"कसा आहे शेवट?" सुनेने विचारलं.

"माझ्यापेक्षा बरा," काका म्हणाले. डोळे पुसून त्यांनी ओठांत खिळा धरला, आणि पुन्हा काढला. "शिक्षा कधी संपते माझी?"

"का हो?"

"स्प्रिंग टोचते म्हणजे खालची पट्टी तुटलीय. सांगायला हवं त्यांना."