विद्यापीठाच्या गाडीनं कोपरगावच्या फडापर्यंत

विद्यापीठाच्या मॅडमनी फोन करून मला ‘समाजाची प्रतिनिधी’ म्हणून दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. ह्याच मॅडम दिवाळीआधी पाथर्डी तालुक्यात आमच्या गावी फॉर्म भरायला आल्या होत्या आणि मी त्यांना ओट्यावरूनच झापलं होतं. आता म्हणे ऊसतोड बायकांच्या तब्येतीवर संशोधन करणाऱ्या पोरींना मी शिकवायचं. मी चौथी शिकलेली बाई. हेसुद्धा मोबाईलला तोंडानं सांगतेय नि तो लिहितोय.

पण मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी गाडी कोपरगावकडं तोडकऱ्यांच्या तळावर जाणार. मी लगेच हो म्हटलं. माझा पोरगा नि सून अलका त्याच तळावर होते. अलकाला सातवा महिना, आणि दोन दिवस फोनवर एकच रडगाणं, "आत्याबाई, डोकं लई ठणकतंय, डोळ्यापुढं काजवे चमकत्यात." माझी धाकटी जाऊ पोटुशी असताना असंच म्हणत म्हणत फडात झटके येऊन गेली. मला प्रशिक्षणाशी काय घेणंदेणं? मला गाडी पाहिजे होती. कोपरगावपर्यंत एसटी नेते, पुढं उसाच्या रानात तळ शोधत कुठं हिंडणार?

पाथर्डीहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि उभं राहायला पूर्ण जागा आहे. करंजी घाटात खिडकी मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी फार काही चुकत नाही, दगड ते दगड. नगरला उतरलं की सावेडीला रिक्षा करायची. एकटी म्हातारी बघून रिक्षावाला भाव फुगवतो. दोन पावलं पुढं चालायला लागायचं, मागून येतो गुमान.

सावेडीत आमची सोय झकास होती. थंडीचे दिवस आणि खोलीत एसी. नाश्त्याला उपमा, तोही आजाऱ्याला देतात तसा, मिरचीचा पत्ता नाही. मग हॉलमध्ये पडदा लावून ‘आरोग्य विषमता’ नावाचं प्रकरण सुरू झालं. तासाभरानं मला उमगलं, की गरिबाला वेळेवर दवाखाना मिळत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं आहे. ते सांगायला पडदा लागतो, माईक लागतो नि प्रत्येकापुढं गार पाण्याची बाटली लागते.

ऋतुजा नावाची एक विद्यार्थिनी वही घेऊन माझ्यापुढं बसली. "आजी, तुमच्या समाजात आरोग्याबद्दल जागरूकता कमी का असते?"

"पहाटं तीनला जाग येती आमाला. अजून किती जागं ऱ्हायचं?"

बाकीच्या पोरी हसल्या. ऋतुजा हसली नाही. तिनं ते लिहून घेतलं. मला वाटलं, ही एक ठार येडी आहे.

जेवणानंतर नाटक होतं. मी तोडकरीण व्हायचं आणि पोरींनी मला प्रश्न विचारायचे. मी टॉवेलाची चुंबळ केली, तीन खुर्च्यांच्या गाद्या डोक्यावर घेतल्या आणि हॉलभर चालायला लागले. पोरी वह्या घेऊन मागं पळायला लागल्या.

"आजी, जरा बसा ना," मॅडम म्हणाल्या. "मुलाखत बसून घ्यायची असते."

"मंग बसनारी बाई हुडका. आमच्या मागं ट्रॅक्टर उभा असतो."

मॅडमनी घड्याळ बघून चहाची सुट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी आठला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेनऊला, कारण बॅनर विसरला होता. नगर–मनमाड रस्त्याचं काय सांगू! ज्यांना पाठीचं दुखणं आहे त्यांनी जाऊ नये, ज्यांना नाही त्यांना येताना मिळेल. कोल्हारला प्रवरेच्या पुलाजवळ चहा घ्या, भजी गरम असली तरच घ्या. राहात्याला रस्त्यावर पेरू मिळतात, ते मात्र खरंच गोड; अलकासाठी किलोभर घेतले. शिर्डीत गाडीतूनच हात जोडले.

तळावर पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. शंभरेक कोप्या, म्हणजे प्लास्टिक टाकलेल्या झोपड्या, आणि माणूस नाही. दोन म्हाताऱ्या, काही लेकरं, कुत्री. पोरी कोपीकोपीपुढं उभ्या राहून हाका मारत होत्या आणि वहीत ‘महिला उपलब्ध नाही’ असं लिहीत होत्या.

"ह्या वक्ताला बाई तळावर असती व्हय?" मी विचारलं. "सगळ्या फडात हायेत."

"आजी, आमच्या अभ्यासात घरभेट ठरलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "दहा ते एक. तशीच मंजुरी आहे."

म्हणजे ह्या बाया आधीचे पाच-सहा तळही असेच हिंडल्या होत्या. रिकाम्या कोप्या मोजून जिल्ह्याची तब्येत ठरवत होत्या. मी गाडीत जाऊन बसले आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, फडात घ्या." त्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडम काही बोलायच्या आत ऋतुजा बीपी बघायच्या मशीनची पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मग काय, सगळी वरात निघाली.

अलका मोळी घेऊन ट्रॅक्टरकडं चालली होती. तोंड सुजून परातीएवढं झालेलं. मी मोळी खाली टाकायला लावली, ऋतुजानं तिच्या दंडाला पट्टा बांधला.

"आपण फक्त माहिती घ्यायची आहे, ऋतुजा," मॅडम हळूच म्हणाल्या.

"हीच माहिती आहे, मॅडम," पोरगी म्हणाली आणि फुगा दाबला. मग परत दाबला. "वरचा एकशेसाठ, खालचा एकशेदहा. आजी, ह्यांना आत्ता न्यावं लागेल. झटके येऊ शकतात."

मुकादम तंबाखू मळत आला. "उद्या धाडतो की. आज गाडी भरायचीय. नवराबायकोचा मिळून एक कोयता असतो, आजी, अर्धा कोयता मी काय करू?"

"अर्धा मी हाय," मी म्हटलं. अलकाच्या हातातला कोयता घेतला आणि पदर खोचला. "वीस वर्सं तोडलाय. तुझ्या बापाच्या टोळीत."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली नि बाजूला झाला. ऋतुजानं अलकाला गाडीत घातलं नि स्वतः बरोबर बसून दवाखान्याकडं नेलं. तेवढ्यात फडातल्या बाकीच्या बायका मोळ्या खाली टाकून बांगड्या वर सरकवत रांगेत उभ्या राहिल्या, मशीन लावायला. अकरा जणी. पोराच्या टोळीतली कांता पहिली होती, तिनं दंड पुढंच केला होता. पण मशीन अलकाबरोबर गेलं. आणलंच एक होतं. एक पेटीही होती, त्यात बॅनर होता. मॅडमनी त्या अकरा जणींबरोबर फोटो काढला.

मी चार दिवस पोराबरोबर ऊस तोडला. पाचव्या दिवशी मुकादमाला दुसरी बाई मिळाली. त्या चार दिवसांचं वर्णन करत नाही, तिकडं फिरायला जाण्यासारखं काही नाही. अलकाला आधी कोपरगावच्या सरकारी दवाखान्यात, मग नगरला ठेवलं. गोळ्यांनी दाब उतरला. आठ दिवसांनी मी तिला घेऊन घरी आले. ऋतुजा रोज फोन करून आकडा विचारते. एवढी एक बाई त्या पडद्याच्या हॉलातून कामाची निघाली, म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले असं म्हणता येत नाही. विद्यापीठाकडून मला सर्टिफिकेट आलं. माझं आडनाव चुकलंय.

काल कांताचा फोन आला. "आजी, ते मशीन परत कवा येनार?"

"आधी मंजुरी येती, मंग मशीन," मी म्हटलं. ती हसली, ट्रॅक्टर आला म्हणाली नि फोन ठेवला.

अलका खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, "आत्याबाई, म्हंजी मी तुमची सून म्हनून वाचले व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "आता डाव्या कुशीवर झोप."